ओसरीवर कोण बसत होते?

१/
दर दिवाळीला आणि दर उन्हाळी सुट्टीत एक मजकूर मराठी मोबाइलांवरून फिरू लागतो. त्यात एक वाडा असतो, वाड्याला ओसरी असते, ओसरीवर सुपारी कातरणारी आजी असते. वाटीभर साखर एका घरातून दुसऱ्या घरात जाते, कोणाचेही पोर कोणाच्याही घरी जेवते. शेवटी फ्लॅटचे बंद दार येते आणि माणुसकी संपल्याची घोषणा होते. जिथे फ्लॅटपेक्षा प्लॉटची चर्चा अधिक, त्या देऊळगाव राजातही हा मजकूर तितक्याच हळहळीने पुढे धाडला जातो. हा धागा त्या मजकुराच्या विरोधात आहे.

२/
देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे, जालन्याच्या सीमेला लागून असलेले गाव. गावाची रचना नावातच सापडते. देऊळ बालाजीचे, आश्विनात त्याची यात्रा भरते. राजा म्हणजे सिंदखेडचे जाधव, ज्या घराण्यात जिजाऊंचा जन्म झाला. देव आणि सत्ता मध्यभागी, त्यांच्याभोवती त्यांच्या आधाराने राहणारे व्यापारी, पुजारी, कारागीर, शेतकरी. आणि ज्यांच्या कष्टांवाचून हे सगळे एक दिवस चालले नसते, ते गावकुसाबाहेर. जुन्या वऱ्हाडातले गाव असे वसे. कोणाचे घर कोठे, हे घर बांधणाऱ्याच्या आवडीने ठरत नसे.

३/
अशा गावांतले ओळखीचे घर धाब्याचे. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यांवर काठ्यांचा थर, आणि वर पांढरी माती चांगली दाबून केलेले सपाट छत. कोकणातली उतरती कौले इथे कामाची नव्हती. पाऊस बेताचा, ऊन भयंकर. मातीचे ते जाड छत वैशाखातही खालची खोली गार ठेवी. उन्हाळ्यात धाबे म्हणजे घराची दुसरी खोलीच. दिवसा तिथे कुरडया, पापड, सांडगे वाळत. रात्री अंथरुणे पडत. एका घराचे धाबे दुसऱ्याला भिडलेले असल्याने पोरांना गल्लीतून फिरण्यापेक्षा वरून जाणे सोपे. वाळवणांवर ज्या घरची म्हातारी राखणीला बसे, ती शेजारच्या घरच्या कावळ्यांनाही हाकली.

इथवर तो मजकूर खरा आहे. त्याने पुढे जाऊन विचारायला हवे होते की हे का होत असे.

४/
कारण धाबे एकट्याने सांभाळता येत नसे. दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकावी लागे. ती आणायला बैलगाडी, पसरायला चार माणसे, दाबायला आणखी दोन. शेजाऱ्याने आपले धाबे दुरुस्त केले नाही, तर त्याच्याकडे मुरलेले पाणी सामाईक भिंतीतून आपल्या घरात येई. मदत करणे ही म्हणून सज्जनाची हौस नव्हती, स्वतःचे घर वाचवण्याचा तो मार्ग होता. वरून जी एकोप्याची दिसते ती व्यवस्था खालून पाहिली तर गरजेची होती.

आणि गरज जुळली नाही की तीच भिंत दिवाणी न्यायालयात जाई. पन्हळीचे पाणी कोणाच्या बोळात पडायचे, शेजाऱ्याच्या अंगणावर खिडकी काढता येते का, सामाईक भिंतीवर मजला चढवायचा तर कोणाला विचारून, ह्या वहिवाटींवरून भाऊ भावाला वर्षानुवर्षे बोलत नसत. वाटीभर साखरेच्या आठवणीत हे दावे कधी येत नाहीत. आजोबांच्या पेटीतले जुने स्टँप पेपर मात्र अजून असतात.

५/
आता मुख्य मुद्दा. एकमेकांना भिडलेली ही धाबी कुठे तरी संपत. कुठे संपत, हे गावातल्या प्रत्येकाला पाठ होते.

ओसरीची आठवण ओसरीवर बसणाऱ्याची असते. ओसरी ही घरात न घेण्याचीही जागा होती, हे ती आठवण सांगत नाही. कोणी बैठकीपर्यंत यायचे, कोणी ओसरीच्या कडेला टेकायचे, कोणी अंगणात उभे राहायचे आणि कोणी अंगणाबाहेरून हाक मारायची, हा क्रम घराच्या बांधणीतच होता. वाड्याचे प्रशस्त दार सर्वांसाठी उघडे असे म्हणतात तेव्हा हे ‘सर्व’ कोण, हे आडनावांसह विचारले पाहिजे.

६/
पुण्याचे उदाहरण घ्यावे, कारण वाड्यांच्या गोडव्यात पुणे सर्वांत पुढे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ही घटना शाळेच्या पुस्तकांत एका ओळीत येते आणि विसरली जाते. पण तिचा अर्थ असा की घरोघरी हौद आणि आड असलेल्या त्या शहरात, एका माणसाने आपला हौद खुला करणे ही इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट होती. वाड्यातले पाणी जर खरोखरच सर्वांचे असते, तर १८६८ हे वर्ष आज कोणाला माहीतही नसते.

त्याच्या पाच वर्षे आधी, १८६३ मध्ये, फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून. ह्या विधवा कुठून येत होत्या? ज्या वाड्यांत सगळ्यांचे सगळ्यांकडे लक्ष असे, त्याच वाड्यांतून. लक्ष असणे आणि पहारा असणे ह्यांत किती अंतर आहे, ते माजघरातल्या बाईला विचारायचे. सुपारी कातरणाऱ्या आजीलाही विचारता आले असते, पण तिला कोणी विचारले नाही.

७/
मग धाबे गेले कसे? मजकुराप्रमाणे माणसे आपमतलबी झाली म्हणून. प्रत्यक्षात लाकूड महागले, सालोसाल माती टाकायला माणसे मिळेनाशी झाली, आणि सिमेंट मिळू लागले.

हे शेवटचे कारण आज विसरले गेले आहे. कित्येक वर्षे सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते. घर बांधणाऱ्याला ते परवान्यावर, रांगेत, ओळखीने मिळे. ह्या टंचाईची पत इतकी मोठी होती की सिमेंटच्या वाटपाशी देणग्यांची सांगड घातल्याच्या प्रकरणात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. तालुक्याच्या गावांत स्लॅबची घरे उभी राहण्याचा काळ आणि ही वर्षे सोबत वाचावीत. स्लॅबला दर मृगाला शेजारी लागत नाही. माणूस बदलला त्याच्या आधी छत बदलले होते.

८/
आणि ३० सप्टेंबर १९९३. पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गेली. त्यांतली असंख्य स्वतःच्याच घराच्या दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या थराखाली. मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात ते वऱ्हाडातल्या धाब्याचे सख्खे भावंड. सालोसाल माती टाकत गेल्याने छताचे ओझे वाढत गेले होते. जी माती ओतायला शेजारी आले होते, त्याच मातीने घर झाकले गेले.

त्यानंतर कोणी मातीच्या छताचे गुणगान करत असेल, तर त्याने किल्लारीच्या एखाद्या माणसाच्या देखत ते करावे.

९/
पण किल्लारीचा पुढचा भाग विरुद्ध बाजूचा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, घराभोवती मोकळी जागा, भूकंपात टिकणारी बांधणी. कागदावर हे सारे जुन्या गावापेक्षा चांगले. तरीही अनेकांना ते गाव वाटेना. गल्ली इतकी रुंद की हाक पोचत नाही. ज्या दारात बायका संध्याकाळी बसत ते दार आता समोरच्या दारापासून फार लांब. म्हाताऱ्याला पारापर्यंत चालवेना, आणि काही ठिकाणी पारच नाही.

तेव्हा घराच्या आकाराने काहीच बिघडत नाही असे नव्हे. अंतराने बिघडते. आखणी करणाऱ्याने नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ दोन शेजारणींच्या मधून जाते. हा दोष मात्र काँक्रीटचा नाही आणि नव्या पिढीचाही नाही. कोणाला न विचारता गाव आखणाऱ्याचा तो आहे.

१०/
वाडे पडले त्याचेही कारण संस्कार नव्हे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पण त्याहून हळू आणि त्याहून मोठे काम भाडे कायद्याने केले. १९४७ च्या मुंबई कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते हवेच होते. पण त्या भाड्यात मालक कौल बदलेना, भाडेकरू दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करेना, आणि वाडा दोघांच्या मध्ये उभ्याउभ्या कुजला.

विदर्भात हा कायदा नव्हता. तिथे १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश. नियंत्रकाच्या परवानगीवाचून भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा. देऊळगाव राजा वऱ्हाडात, म्हणजे १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली. शेजारचे जालना १९४८ पर्यंत निजामाकडे. त्यामुळे राज्य एक झाल्यावरही ह्या दोन शेजारी गावांतल्या भाडेकरूंची नशिबे निराळ्या कायद्यांनी ठरत. ३१ मार्च २००० ला नवा राज्यव्यापी कायदा लागू झाला तेव्हा ते एका छताखाली आले. वाडा संस्कृतीवरच्या हळव्या लेखांत भाडेकरू हा शब्द शोधून पाहावा. बहुधा तो ‘बिऱ्हाडकरू’ ह्या गोड नावाने येतो आणि लगेच मालकिणीच्या हातची पुरणपोळी खाऊ लागतो.

११/
वाड्याबरोबर चाळीचेही गोडवे येतात. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांनी चाळ पाहिलेली नाही. ती नाटकांतून, मालिकांतून आणि ‘बटाट्याची चाळ’मधून ओळखीची झाली. त्या पुस्तकात चाळीची किती थट्टा आहे ते विसरून लोक त्यातला एकोपा तेवढा आठवतात.

खरी चाळ पाहायची तर बीडीडीची पाहावी. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२१ ते १९२५ दरम्यान वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ इमारती बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. गिरणी कामगारांच्या तीन-चार पिढ्या इथे वाढल्या. गणपती, कबड्डी, भजन, युनियन, सारे ह्याच ओट्यांवर. संप चालला तो ह्या शेजाराच्या उधारीवर.

१२/
आणि ह्याच ओट्यांवर ५ जानेवारी १९७४ आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरची सभा होती. तिथे दगडफेक झाली आणि दंगल पेटली. शेजारच्या इमारती एकमेकींवर दगड आणि पेटते बोळे फेकू लागल्या. कोणत्या इमारतीत बौद्ध अधिक आणि कोणत्यात सवर्ण, हे त्या दिवशी कोणाला विचारावे लागले नाही. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता ठार झाला.

एकच जिना, एकच नळ, एकच आकाराची खोली. घराचा प्रकार माणसांना जोडतो हे खरे असते तर वरळीत १९७४ घडायला नको होते.

१३/
बीडीडीच्या जागी आता चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या; प्रत्येकी ५०० चौरस फूट. बातमी येताच चाळ संस्कृतीच्या नावाने उसासे सुरू झाले. हे उसासे कोण टाकत होते ते पाहण्यासारखे आहे. चाळ सोडून तीस वर्षे झालेले पुष्कळ. पहाटे चारला सामाईक संडासापुढे बादली घेऊन उभी राहणारी बाई त्यांत फारशी दिसली नाही.

देखभालीचा मासिक खर्च कोण भरणार, उद्वाहक बंद पडला तर पस्तिसाव्या मजल्यावरची म्हातारी काय करणार, हे खरे प्रश्न आहेत. हळहळीच्या गोंगाटात ते ऐकू येत नाहीत.

१४/
उलट बाजूची भाबडी समजूतही तितकीच पोकळ: शहर आले, फ्लॅट आला, जात गेली. ज्या ‘सोसायटी’ला आपण आधुनिक म्हणतो ती आपल्याकडे जन्मलीच कशी? १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, श्रीपाद सुब्बराव तल्माकी ह्यांच्या पुढाकाराने. देशातल्या सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक, आणि तिच्या नावातच ज्ञाती आहे. तल्माकींचे काम मोठे होते, सहकाराची शिस्त त्यांनी अनेकांना शिकवली, ते नाकारण्याचे कारण नाही. पण सोसायटी ज्ञातीच्या पोटातून आली.

पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा तिचा नियम मान्य केला. गावकूस दगडाचे होते. उपविधीचे कूस कागदाचे असते, आणि कागद टिकाऊ निघतो.

१५/
१९१७ मध्ये बडोद्याच्या संस्थानात नोकरीला गेलेल्या, परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना शहरात राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून ते पारशी विश्रामगृहात राहिले. काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज काठ्या लागत नाहीत. फोनवर ‘पूर्ण नाव काय?’ एवढे पुरते, मग खोली कालच गेलेली असते.

१६/
आता पुन्हा देऊळगाव राजा. अशा गावांतला आजचा खरा बदल फ्लॅटचा नव्हे, लेआऊटचा आहे. रस्त्याकडेची शेतजमीन अकृषक होते, चुन्याच्या रेघा पडतात, नगर किंवा कॉलनी अशी पाटी लागते. शिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून, बाजार समितीतला व्यापारी प्लॉट घेतो आणि घर बांधतो. स्वतःचा बोअर, स्वतःची टाकी, स्वतःची भिंत, लोखंडी फाटक. जुन्या धाब्याला शेजारी लागत होता. ह्या घराला कोणत्याच कामासाठी तो लागत नाही.

तरी ह्या लेआऊटने एक गोष्ट केली, जी वाड्याला शेकडो वर्षांत जमली नाही. पगार असलेला बौद्ध शिक्षक आणि पगार असलेला मराठा शिक्षक ह्यांच्या भिंती इथे लागून असू शकतात. नेहमी असतात असे नाही. दलाल गिऱ्हाईक पाहून प्लॉट दाखवतो. पण असू शकतात. जुन्या गावात ही शक्यताच नव्हती. हळहळणाऱ्या मजकुराच्या हिशेबात ही जमा कुठेच धरलेली नाही.

ज्यांच्याकडे प्लॉट नाही त्यांचा हिशेब आणखी वेगळा. शहरी आवास योजनेत स्वतः घर बांधायला अनुदान मिळते. पण आधी जागा नावावर हवी. गावकुसाबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांपैकी कितीतरी जणांची अडचण नेमकी तीच आहे. आजोबाचे घर होते, उतारा नव्हता.

१७/
शेजार हवा असेल तर काही तरी सामाईक हवे, आणि ते सर्वांना सारख्या अटींवर मिळायला हवे. धाब्यात पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. लेआऊटमध्ये दुसरी थोडीफार आली आणि पहिली गेली. पण ती कायद्याने जाऊ दिलेली नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते, तिथे राहणाऱ्या सर्वांच्या वापरासाठी. नगरपरिषदांच्या हद्दींनाही ही नियमावली लागू आहे. नकाशात ही जागा रंगवलेली असते. प्रत्यक्षात ती बहुधा कोपऱ्यातली, सखल, कोणी प्लॉट म्हणून घेतली नसती अशी. पाच वर्षांत तिथे बाभळी. दहा वर्षांत कोणा एकाचे पत्र्याचे गोदाम, नाहीतर शेजारच्या बंगल्याचे सरकत आलेले कुंपण, नाहीतर ठरावीक लोकांनीच वर्गणी काढून बांधलेले, ठरावीक लोकांचेच देऊळ.

१८/
मंजूर लेआऊटचा नकाशा नगरपरिषदेत असतो. २००५ च्या माहिती अधिकाराखाली त्याची प्रत मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. पुढच्या दिवाळीला वाड्याची आठवण पुढे धाडण्याआधी आपल्या कॉलनीचा तो नकाशा आणावा, रंगवलेली जागा टेप लावून मोजावी, आणि तिथे आज कोण बसते ते पाहून यावे.